दमा खानदानी असेल, पण धूळ कोणाची?

‘फुंका’ हा एक शब्द मी नोकरीत जितक्या वेळा उच्चारला तितक्या वेळा देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल. फुंका, थांबू नका, अजून, अजून, अजून, असं ओरडण्यात माझी उमर गेली. कारंजा गावात छातीच्या डॉक्टरांकडे मी श्वास मोजायच्या मशीनवर होते. दवाखान्याखालचा चहावाला मला तोंडावर कुसुमताई आणि पाठीमागे फुंकवाली बाई म्हणायचा. म्हणू दे. कुठंतरी नाव तर झालं.

ज्यांनी ही तपासणी कधी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. नाकाला चिमटा लावायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात, जोरात, छाती रिकामी होईस्तोवर बाहेर सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि सगळी मिळून किती पडली, हे मशीन मोजतं. त्यावरून श्वासनळ्या मोकळ्या आहेत की सुजून बारीक झाल्या आहेत ते डॉक्टरांना समजतं. रक्त काढताना माणूस नुसता बसून राहिला तरी भागतं. इथं सगळं त्याच्याकडून करून घ्यावं लागतं. म्हणून या कामाला आवाज लागतो आणि थोडी दादागिरी. दोन्ही माझ्याकडे माहेरापासूनच होती.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. मालेगावचे एक निवृत्त गुरुजी यायचे. ते डोळे मिटून इतका संथ श्वास सोडायचे की मशीनला वाटायचं, समोर कोणी बसलेलंच नाही. मी ओरडले, "गुरुजी, जोरात." तर म्हणाले, "बाई, श्वासाला असं हाकलून लावणं बरं नव्हे." एका पैलवानानं तोंडात तंबाखूचा खर्रा असताना नळी धरली आणि असा फुंकला की समोरच्या भिंतीला नव्यानं चुना द्यावा लागला. वर मलाच विचारतो, "पास झालो का मी?"

खरा कस लागायचा तो बायांशी. आमच्याकडच्या बायांचा जन्म चुलीपुढं फुकणी धरण्यात गेलेला. फुकणी कशी मारतात ठाऊक असेल, गाल फुगवून, थोडं थोडं, फू, फू, फू, म्हणजे जाळ धरतो. मशीनची नळी हातात दिली की नेमकं तेच. नवखा माणूस तो आलेख पाहून म्हणेल, ही बाई आता गेलीच. माय तशीच फुंकायची, लेकही तशीच, कारण फुंकायला लेकीला मायनंच शिकवलेलं. मग मी म्हणायचे, "मावशे, चूल नाही पेटवायची आपल्याला. ताटात भाजलेल्या शेंगदाण्याची टरफलं आहेत समज, एका फुंकीत सारी उडव." टरफलं म्हटलं की बरोबर जमायचं. पुढं दुसऱ्या डॉक्टरांकडे मशीनवर बसणाऱ्या पोरीही हीच युक्ती विचारून गेल्या.

पण ज्या शब्दानं माझं डोकं फिरायचं तो दुसराच. ‘खानदानी.’

आमच्याकडे धाप लागली की सगळ्यालाच दमा म्हणतात, डॉक्टर मग त्याचे प्रकार करत बसतात. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत सांगून टाकायचा, "आमच्यात खानदानीच हाये जी." काहीजण तर अशा थाटात सांगायचे की जशी काही बागायती शेतीच वारशात आली आहे. एकदा खानदानी म्हटलं की सगळं मोकळं. बिडी सोडायला नको, चुलीला धुराडं नको, औषधाचा पंप ओढायला नको. पंपाची तर सवयच लागते म्हणे. बिडीची सवय लागते त्याचं काही नाही. एके दिवशी मी वैतागून डॉक्टरसाहेबांना म्हटलं, "सर, हे खानदानी-फानदानी सगळं थोतांड आहे ना?"

"नाही हो कुसुमताई," ते म्हणाले. "थोतांड नाही. एकाच धुरात दोन माणसं बसवली तर दोघांच्या श्वासनळ्यांना सारखी सूज येत नाही. एकाची लवकर चढते आणि उतरता उतरत नाही, दुसऱ्याला नुसती शिंक येते. ही ठेवण काही अंशी आईबापाकडूनच येते. पण ती एखाद्याच गोष्टीनं येत नाही. बारीक बारीक पुष्कळ फरक असतात, ते मिळून माणसाचा कल ठरतो. फक्त कल. तेवढ्यावरून अमक्याला होणारच, तमक्याला होणारच नाही, असं मला सांगता येत नाही. एक दुर्मीळ प्रकार आहे, तो रक्तात सापडतो, संशय आला की आपण तपासायला पाठवतो. बाकीच्यांचं नशीब असं रक्तात वाचता येत नाही."

मला हे मुळीच आवडलं नाही, पण खोटं म्हणायची सोय नव्हती, कारण इंझोरीचे दोघे भाऊ माझ्या डोळ्यासमोर होते. दोघं सोयाबीनच्या मळणी यंत्रावर जायचे. थोरला बिडी विझली की दुसरी लावणारा, तरी त्याची छाती ठणठणीत. धाकट्यानं आयुष्यात बिडीला हात लावला नाही आणि काढणी आली की तोच आमच्या बाकावर येऊन बसायचा. "ताई, थ्यानं वढाची अन् म्या खोकलाचं, हा कोणता न्याय?" असं मला विचारायचा. न्याय नाहीच. ठेवणच तशी. पण डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की यंत्राच्या तोंडाशी थोरल्यानं राहायचं, धाकट्यानं वाऱ्याच्या वरच्या बाजूला पोती धरायची, तोंडाला ओलं फडकं बांधायचं आणि पंप रोज घ्यायचा. पुढच्या काढणीला धाकटा आला तो नुसतं दाखवायला. रक्त तेच होतं, उभं राहायची जागा बदलली होती. तेव्हापासून ‘खानदानी’ ऐकलं की मी विचारू लागले, "बरं, असेल. मग राहता कुठं, करता काय, ओढता काय?"

कोरोनात तर ‘फुंका’ म्हणणं गुन्हाच झाला. मशीनवर कापड घालून मी घरी बसले. तेव्हा हाच प्रश्न साऱ्या गावाला पडला होता. एकाच घरात एकाला साधा खोकला आणि दुसऱ्याला ऑक्सिजन, असं काहून? ज्यांना कधी पडला नव्हता त्यांनाही पडला. चला, तेवढं तरी झालं.

आता वच्छलाबाईचं सांगते. तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

वच्छलाबाई एका जिनिंगमध्ये झाडझूड करायची. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. हंगामात कारंज्याच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्यांची रांग लागते ती तिकडेच जाते. यंत्रांखाली रुईचे तंतू, वाळल्या पानांचा चुरा, माती असं सगळं साचतं. ते झाडताना आतली हवा दुधाळ होते. वच्छलाबाई आमच्याकडे आली तेव्हा एक वाक्य एका दमात बोलू शकत नव्हती. तिची सख्खी मोठी बहीण विमल त्याच जिनिंगमध्ये, तितक्याच वर्षांपासून, आणि ती ठणठणीत. वच्छलाबाई मला म्हणायची, "दोघी एका मायच्या पोटच्या, एकाच जिनिंगात. तिले काई नाई, मलेच झालं. माह्याच रक्तात खोट हाये ताई."

डॉक्टरांनी तिचं रक्त त्या दुर्मीळ प्रकारासाठी पाठवलं, त्यात काही निघालं नाही. औषधं चालू राहिली आणि कामही चालूच राहिलं. एका थंडीत ती गेली. मला फार लागलं ते. मरणं मी पुष्कळ पाहिली, पण ही बाई स्वतःलाच दोष देत गेली, त्याची मला आजही चीड येते.

वर्षभरात तिची लेक सुनीता त्याच खुर्चीत येऊन बसली. चोविशीतली, तरतरीत, तोंडानं फटकळ. नवरा टेम्पोवर, लहान लेकरू. जिनिंगमध्ये झाडायला लागली होती. छाती कधी भरते विचारलं तर म्हणाली, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. बाजारात तेलकट भजे खाल्ले की दुसऱ्या दिवशी छाती जखडते. आमच्यातल्या साऱ्याच बायायले होते. मी तं भजे सोडूनच देल्ले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असते. एक दिवस छातीला आराम मिळतो आणि दुसऱ्या दिवशी धूळ पुन्हा आत गेली की सूज जोरात उसळते, ही कापसाच्या धुळीची जुनी खूण. बिचाऱ्या बाया भजी सोडून बसल्या होत्या. धूळ होती तिथंच होती.

हे जिनिंगच्या मालकाच्या, शेठच्या कानावर गेलं आणि शेठ दवाखान्यात आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. दिवाळीला बायांना लुगडी देणारा, कोणाच्या घरी मयत झाली तर स्वतः जाणारा. पण त्या दिवशी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमची मशीन माह्या जिनिंगात आणा. साऱ्या बाया तपासा. ज्यायच्या घरात दमा हाये त्यायची नावं मले द्या. त्यायले मी यापुढं ठेवत नाही. त्यायचंबी भलं, माहंबी भलं. आता त्या सुनीतेची माय दम्यानं गेली. पोरीच्या रक्तात थेच. उद्या काही झालं तं लोक म्हणतीन, जिनिंगनं मारलं."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मशीन आणतो. पण जिचा आकडा तिलाच सांगीन. नाव एकही मिळणार नाही."

माझं काम मशीनपुरतं, मध्ये बोलायचं कारण नव्हतं. पण राहवलं नाही. म्हटलं, "शेठ, तुमच्या फाटकावर बिडी-काडी बंदची पाटी आहे ना?"

"हाये. कापूस पेट घेते ना बाई."

"सगळा कापूस सारखा पेट घेतो?"

"नाई. वाळका लवकर घेते, ओलसर उशिरा."

"मग लवकर पेटणारा कापूस तुम्ही फाटकातूनच परत पाठवता, की काडी बंद करता?"

शेठनं माझ्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांनी मला काढून टाकावं असं त्यांच्या मनात आलं असावं. डॉक्टर चष्मा पुसत बसले. शेठ बाहेर गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "ताई, आवाज जरा कमी."

बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही जिनिंगमध्ये मशीन लावलं. यंत्रं सुरू व्हायच्या आधी सकाळी एकदा आणि सुटी झाल्यावर संध्याकाळी एकदा, असा डॉक्टरांचा बेत. सकाळची फुंकाफुंकी आटोपल्यावर मी सुनीताला म्हटलं, चल, तुझं काम दाखव. ती मला यंत्रांच्या ओळीखाली घेऊन गेली. तिथं वाकूनच चालावं लागतं. "ही माह्या आजीची जागा," ती म्हणाली. "आजी थकली मंग मायची. आता माही."

आमच्याकडे हंगामी कामात असंच असतं. जागा घरात राहते. माय थकली की लेक किंवा सून त्याच जागेवर उभी होते, मुकादमालाही नवीन शिकवायची कटकट नाही. कोणी कोणाची जागा घेत नाही, घेतली तर भांडणं होतात. मी विचारलं, "आणि विमलमावशीची?"

"मावशीची इथी नाई ना ताई. थे तिकडं आंगणात, रुईच्या गठाणी लावतात तिथी झाडते. थे तिच्या सासूची जागा."

एका मायच्या दोन लेकी. एकीला मायची जागा मिळाली, यंत्राखाली. दुसरीला सासूची मिळाली, उघड्या आभाळाखाली. आणि वच्छलाबाई मरेपर्यंत आपल्या रक्ताला शिव्या देत राहिली. दवाखान्यात ‘दोघी एकाच जिनिंगात’ एवढंच सांगायची, आणि आम्हाला सगळ्यांना ते पुरेसं वाटायचं. डॉक्टरांना जाऊन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ठेवणीत फरक असेलही. नव्हता असं मी म्हणणार नाही. पण दोघींची हवाच वेगळी होती, हे धरल्याशिवाय रक्तावर बोलायचा कोणाला अधिकार नाही."

संध्याकाळी पुन्हा फुंकलं. यंत्राखालच्या बहुतेक सगळ्या बायांचा श्वास सकाळपेक्षा उतरला होता, कोणाचा थोडा, कोणाचा जास्त. सुनीताचा सगळ्यांत जास्त. अंगणातल्या बायांचा जवळपास होता तिथंच. म्हणजे धूळ सगळ्यांनाच लागत होती आणि सुनीताला जरा अधिक. डॉक्टरांनी एकही नाव न घेता शेठला सांगितलं की धूळ ओढणारे पंखे लावा, झाडायच्या आधी पाणी शिंपडा, जागा आलटून पालटून द्या. शेठ म्हणाले, "पाहू."

आज त्या जिनिंगमध्ये पंखे आहेत. पाणी शिंपडतात. जागा दर पंधरवड्याला बदलते, आणि त्यावरून अजून भांडणं होतात, ती होऊ देत. सुनीता पंप घेते आणि दर हंगामात येऊन फुंकते, माझ्या जागी आता बसते त्या मुलीसमोर. हे सगळं कसं घडलं याचं श्रेय बरेच जण घेतात. एका पुढाऱ्यानं तर पंख्यांचा नारळ फोडतानाचा फोटोही लावला आहे. मला त्यातलं काही नको. पण त्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं हजर होते, म्हणून जे पाहिलं ते सांगते.

काही बायांची तपासणी राहिली होती, त्यासाठी मी मशीन घेऊन एकटीच गेले होते. अजून यंत्रं सुरू झाली नव्हती. शेठ स्वतः अंगणात उभे. डॉक्टर नावं देत नाहीत तर आपणच विचारू, असं त्यांनी ठरवलं असावं. मुकादमानं साऱ्या बाया गोळा केल्या. शेठ म्हणाले, "ज्यायच्या घरात दमा हाये त्यायनं तिकडं भिंतीपाशी उभं राहा. खोटं बोलू नका. तुमच्याच भल्याचं हाये."

भिंतीपाशी जाणं म्हणजे घरी जाणं, हे न कळायला कोणी कुकुलं बाळ नव्हतं. सगळ्यांनी सुनीताकडे पाहिलं. तिचं घर त्या कामावर चालत होतं. तिनं झाडू खाली ठेवला नाही, काखेत मारला आणि ताठ चालत जाऊन भिंतीपाशी उभी राहिली.

मग विमल निघाली. "माही बहीण गेली दम्यानं," म्हणाली आणि भाचीच्या शेजारी जाऊन उभी झाली. मुकादम म्हणाला, "तुले कायचा दमा, तू तं धडधाकट हाये." ती म्हणाली, "घरात हाये का इचारलं ना शेठनं? हाये."

त्यानंतर एकेक निघू लागली. एकीचा भाऊ. एकीचा बाप. एक म्हणाली, "माह्या सासऱ्याले हाये." तर दुसरीनं तिला टोकलं, "अवं, सासरा आपल्या रक्ताचा नसते." ती म्हणाली, "माह्या पोराच्या तं रक्ताचा हाये ना?" आणि गेली. हशा पिकला. त्या हशात उरलेल्याही गेल्या, ज्यांच्या घरी कोणाला साधी शिंक आली नसेल त्यासुद्धा. मी माझ्या मशीनपाशी उभी होते. माझी आजी धापेनंच गेली. मीही जाऊन उभी राहिले. नोकरी काय, फार तर जाईल, असं वाटलं.

अंगणाच्या एका बाजूला सगळ्या बाया आणि समोर शेठ आणि मुकादम. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर थांबलेल्या. यंत्राला हात लावायला कोणी नाही.

शेठ रागानं लाल झाले होते. काही बोलणार तेवढ्यात सुनीता अगदी साध्या आवाजात म्हणाली, "शेठ, तुमीबी इकडं या जी. तुमच्या आईले बी होता. माही माय रोज यायची तुमच्या घरी, त्यायची पाठ शेकाले. शेवटच्या रात्री बी थेच होती त्यायच्यापाशी."

कोणी हसलं नाही. शेठचा चेहरा एकदम उतरला. हळू आवाजात म्हणाले, "माह्या मायची गोष्ट इथं चारचौघात कायले काढतं वं?"

"पहिले तुमी काढली," सुनीता म्हणाली. "माह्या मायची."

शेठ जमिनीकडे पाहत राहिले. सुनीतानं काखेतला झाडू हातात घेतला, त्यांच्या समोरून चालत यंत्राकडे गेली आणि कामाला लागली. तिला कोणी अडवलं नाही.